लॉस बान्योस: भातशेतीचं गाव विज्ञाननगर कसं झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे भात पिकवणाऱ्या माणसासमोर ‘आयआर-६४’ म्हणा, त्याला ते नाव नवं नसतं. पण भाताच्या या जातीच्या ‘आयआर’मागचं गाव, लॉस बान्योस, फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांचीही गोष्ट बहुधा १९६० साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था (इरी) तिथे आली तेव्हापासून सुरू होते. त्याआधीची पन्नास वर्षं गाळली जातात, आणि खरी पायाभरणी तर त्याच वर्षांत झाली. म्हणून लोक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

लॉस बान्योस नेमकं आहे कुठे?

फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर, लगूना प्रांतात. राजधानी मनिलापासून आग्नेयेला साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. उत्तरेला ‘लगूना दे बाय’ नावाचं प्रचंड सरोवर आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ९०० चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम अडीच मीटर. दक्षिणेला माकिलिंग हा सुमारे १,०९० मीटर उंचीचा, आता शांत असलेला ज्वालामुखी. डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या उतरत्या पट्टीवर गाव वसलेलं आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख १५ हजारांच्या घरात होती.

ही रचना ध्यानात ठेवा. सरोवराकाठी खाचरं, मधल्या उतारावर नारळ-फळझाडं आणि वर घनदाट रान, हे सगळं दोन-तीन तासांच्या चालीत येतं. पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं या जमिनीमुळेच घडलं.

शास्त्रज्ञ येण्याआधी इथे काय होतं?

गरम पाण्याचे झरे. माकिलिंगच्या पोटातल्या उष्णतेमुळे पायथ्याशी ठिकठिकाणी कढत पाणी वर येतं. स्थानिक टागालोग लोक या वस्तीला ‘माइनित’, म्हणजे गरम, म्हणत. तेव्हा ती शेजारच्या बाय या गावाचीच एक वाडी होती. १५८९ च्या सुमारास पेद्रो बाउतिस्ता नावाच्या स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूने या झऱ्यांकडे लक्ष दिलं. पुढे फ्रान्सिस्कनांनी तिथे रुग्णालय उभारलं, न्हाणीघरं झाली आणि त्यांवरूनच ‘लॉस बान्योस’, म्हणजे न्हाणीघरं, हे स्पॅनिश नाव पडलं. १६१५ मध्ये लॉस बान्योस स्वतंत्र गाव झालं.

झऱ्यांच्या कीर्तीपलीकडे मात्र हे चारचौघांसारखं शेतकऱ्यांचं आणि कोळ्यांचं गाव होतं. काठावर भात, वर नारळ, सरोवरात मासे. आसपासच्या लगूनात जमिनीचे मोठे तुकडे ख्रिस्ती मठांच्या ताब्यात होते आणि कुळं त्यांना खंड भरत. शेजारचं कालांबा हे फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिझाल यांचं जन्मगाव. तिथल्या डॉमिनिकन मठाच्या जमिनीवरून कुळांचा मोठा तंटा झाला आणि १८९० च्या आसपास रिझालांच्या कुटुंबासह अनेकांना घराबाहेर काढण्यात आलं. फिलिपिन्समधल्या शेतीच्या इतिहासात जमीन कोणाची, हा प्रश्न बियाण्याच्या प्रश्नाच्या आधीचा आहे. इरीच्या यशाचा हिशोब मांडतानाही तो विसरून चालत नाही.

या गावाचा वसईशी संबंध आहे म्हणतात, तो कोणता?

ही ऐकीव गोष्ट नाही, खरीच आहे. झऱ्यांवर रुग्णालयाची कल्पना रुजवणारे पेद्रो बाउतिस्ता १५९३ मध्ये मनिलाहून जपानला दूत म्हणून गेले. त्यांच्याबरोबर दुभाषा म्हणून गेला गोन्सालो गार्सिया. तो वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बापाचा आणि इथल्याच आईचा मुलगा. व्यापाराच्या निमित्ताने त्याने जपान आधी पाहिलं होतं, भाषा येत होती आणि मनिलात तो फ्रान्सिस्कन पंथात दाखल झाला होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आलं, त्यांत हे दोघेही होते. १८६२ मध्ये दोघांनाही संतपद मिळालं. वसईत संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचं कॉलेज आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना लॉस बान्योसचा हा धागा सांगायला हवा असं मला मनापासून वाटतं.

शेतकी कॉलेजसाठी हीच जागा का निवडली?

१८९८ नंतर फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात गेलं. १९०८ मध्ये फिलिपिन्स विद्यापीठ स्थापन झालं आणि ६ मार्च १९०९ रोजी त्याचं शेतकी कॉलेज लॉस बान्योसला सुरू करण्याचं ठरलं. पहिले डीन एडविन कोपलंड हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ. नेच्यांवरचं त्यांचं काम नावाजलेलं होतं. त्यांना हवी होती वेगवेगळ्या तऱ्हेची जमीन: पाणथळ, कोरडवाहू, चढाची. पाणी हवं होतं, जवळ रान हवं होतं आणि मनिला फार लांब नको होतं. हे सगळं एका ठिकाणी या पायथ्याशीच सापडलं.

सुरुवात अगदी हलाखीची. जूनमध्ये तंबूंत वर्ग भरले, विद्यार्थी मोजके डझनभर. झाडोरा तोडायचा, जमीन साफ करायची आणि त्याच जमिनीवर पीक लावून शिकायचं, असा तो अभ्यासक्रम होता. सुशिक्षित घरांत तेव्हा वकिली-डॉक्टरकीला मान होता. चिखलात हात घालून पदवी मिळवायची ही कल्पना पालकांच्या गळी उतरवणं सोपं गेलं नसणार. पण याच सवयीने या कॉलेजचा स्वभाव घडला. इथला प्राध्यापक शेताच्या बांधावर दिसायचा.

पुढचे एक डीन चार्ल्स फुलर बेकर हे कीटक आणि वनस्पती गोळा करण्याच्या ध्यासाने झपाटलेले गृहस्थ. परिसरातली बेकर हॉल ही जुनी इमारत त्यांच्याच नावाची. युद्धानंतरच्या प्रश्नात ती पुन्हा येईल.

माकिलिंग डोंगराचा विज्ञानाशी काय संबंध?

कॉलेजनंतर वर्षभरातच, १९१० मध्ये, वनखात्याचं वनविद्या विद्यालय इथे सुरू झालं आणि डोंगर राखीव जंगल म्हणून जाहीर झाला. आज हे राखीव क्षेत्र ४,२०० हेक्टरांहून थोडं जास्त आहे आणि त्याचा कारभार विद्यापीठ पाहतं. हे महत्त्वाचं आहे. जंगल ज्यांना अभ्यासायचं आहे, तेच ते राखतात. दोन हजारांहून अधिक जातींच्या वनस्पती इथे नोंदल्या आहेत. दुसऱ्या वेलीवर जगणारी आणि पान-खोडाशिवाय थेट जमिनीलगत फूल काढणारी राफ्लेशियाही त्यांत आहे. २०१३ मध्ये माकिलिंगला आसिआन (आग्नेय आशियाई देशांची संघटना) वारसा उद्यानाचा दर्जा मिळाला. आसिआनचं जैवविविधता केंद्रही २००५ पासून लॉस बान्योसमध्येच आहे.

लोकांसाठी हा डोंगर मारिया माकिलिंगचा. ती डोंगराची राखणदार देवी. गोरगरिबांना आलं देते आणि घरी पोचेपर्यंत त्याचं सोनं होतं. पण कोणी हावरटपणा केला की ती दिसेनाशी होते. रिझालांनीही ही कथा लिहून ठेवली आहे. आपल्याकडच्या देवरायांमागे जी श्रद्धा उभी असते तीच ही. वनखात्याची पाटी लागण्याआधी कितीतरी पिढ्या तिचा धाक होता, हे जंगल टिकण्याच्या कारणांमध्ये मी धरतो.

झरे तापवणारी उष्णता वाया जात नाही. माकिलिंग-बानाहाव पट्ट्यात १९७९ पासून भूगर्भातल्या वाफेवर वीज तयार होते.

दुसऱ्या महायुद्धात इथे काय घडलं?

जपानने फिलिपिन्स घेतल्यावर शत्रुदेशांच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं. मनिलातल्या सांतो तोमास छावणीत गर्दी झाली, तेव्हा मे १९४३ मध्ये शेतकी कॉलेजच्या आवारात दुसरी छावणी उघडली. १९४५ उजाडलं तेव्हा तिथे अमेरिकन, ब्रिटिश, डच असे दोन हजारांवर कैदी होते. त्यांत मिशनरी होते, अमेरिकन नौदलाच्या परिचारिका होत्या, लहान मुलं होती. अन्न जवळपास संपलं होतं. शेती शिकवण्यासाठी राखलेल्या जागेत माणसं उपासमारीने खंगत होती.

२३ फेब्रुवारी १९४५ ची सकाळ. आदल्या रात्रीच अमेरिकन टेहळणी तुकडी आणि फिलिपिनो गनिमी सैनिक छावणीभोवती दबा धरून बसले होते. सातच्या सुमारास पहारेकऱ्यांची सकाळची कवायत चालू असताना विमानांतून छत्रीधारी सैनिक उतरले आणि त्याच क्षणी चहूबाजूंनी हल्ला झाला. दरम्यान पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारी वाहनं अंधारातच सरोवर ओलांडून काठाला लागली होती. कैदी बाड-बिस्तरा आवरत रेंगाळले, तेव्हा त्यांना बाहेर काढण्यासाठी सैनिकांनी बराकींना आग लावली. २,१४७ जणांची सुटका झाली.

युद्धाच्या पुस्तकांत गोष्ट बहुतेक इथे थांबते. गावाची गोष्ट थांबत नाही. सुटका करणारं सैन्य सरोवरापलीकडे निघून गेलं आणि मागे राहिलेल्या गावकऱ्यांवर जपानी सैनिक आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी सूड उगवला. सुमारे १,५०० फिलिपिनो माणसं मारली गेली, घरं जाळली गेली. सुटकेचा गौरव करताना या माणसांचं नाव निघत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

युद्धानंतर जपानी सेनापती यामाशिता यांना २३ फेब्रुवारी १९४६ रोजी, सुटकेला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, लॉस बान्योसमध्येच फाशी दिली गेली. एप्रिलमध्ये जनरल होम्मा यांना तिथेच गोळ्या घातल्या.

मग कॉलेज परत उभं कसं राहिलं?

चिकाटीने, आणि बाहेरच्या मदतीने. आवार उद्ध्वस्त झालं होतं, ग्रंथ आणि नमुन्यांचे संग्रह गेले होते. वर्ग मात्र १९४५ मध्येच पुन्हा भरू लागले. १९५२ ते १९६० या काळात अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाशी करार होता. तिकडचे प्राध्यापक इकडे आले, इकडचे तरुण तिकडे डॉक्टरेट करून परतले. बेकर हॉल आजही उभा आहे.

इरी इथेच का आली?

१९५० च्या दशकात आशियाची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि भाताचं उत्पन्न मात्र जागच्या जागी होतं. फोर्ड आणि रॉकफेलर या दोन अमेरिकन प्रतिष्ठानांनी भातासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था काढायचं ठरवलं. जागा कुठे, यावर विचार झाला तेव्हा लॉस बान्योसच्या बाजूने उभं होतं ते पन्नास वर्षांचं कॉलेज: शिकलेली माणसं, इंग्रजीतून चालणारं काम, लागून असलेली भाताची जमीन, बारमाही पीक घेता येईल असं हवामान. तेव्हाचे डीन दियोस्कोरो उमाली यांनी संस्थेला शेजार मिळावा म्हणून जोर लावला. १९६० मध्ये इरी स्थापन झाली आणि रॉबर्ट चँडलर पहिले महासंचालक झाले. इमारतींचं औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी १९६२ मध्ये झालं.

म्हणूनच इरीने लॉस बान्योस घडवलं असं म्हणणं मला अर्धवट वाटतं. कॉलेज नसतं तर इरी दुसऱ्या देशात गेली असती.

आयआर-८ तयार कसं झालं?

आधी अडचण समजून घ्या. आशियातल्या जुन्या जाती उंच. खत घातलं की पीक आणखी उंच वाढायचं, लोंबी भरली की वजनाने आणि वाऱ्या-पावसाने लोळायचं. लोळलेलं भात पाण्यात कुजतं, उंदीर खातात, कापताना हाल होतात. ज्याने खत घातलं त्याचंच नुकसान. तेव्हा हवं होतं आखूड, ताठ खोडाचं रोप.

तैवानमध्ये ‘डी-जिओ-वू-जेन’ नावाची बुटकी जात होती. भरपूर फुटवे फुटणारी उंच ‘पेटा’ इंडोनेशियाची. इरीचे पैदासकार पीटर जेनिंग्ज यांनी १९६२ मध्ये जे संकर केले त्यांतला आठवा या दोघांचा होता.

संकर म्हणजे प्रत्यक्षात काय, तेही पाहण्यासारखं आहे. भाताचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं. त्यामुळे मादी म्हणून निवडलेल्या लोंबीतल्या एकेका फुलाचं टोक बारीक कात्रीने छाटायचं, आतले सहा पुंकेसर एकही न फुटता काढून टाकायचे आणि लोंबीवर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं की नर जातीची उमललेली लोंबी आणून पिशवीत झटकायची. एक फूल म्हणजे फार तर एक दाणा. आठव्या संकरातून असे १३० दाणे मिळाले.

ते दाणे पेरले तर सगळी रोपं उंच निघाली. त्यांच्या बियांतून दुसऱ्या पिढीची सुमारे १० हजार रोपं वाढवली आणि त्यांत साधारण चारांत एक रोप बुटकं आलं. सगळ्यांचे डोळे लकाकले असतील, कारण याचा अर्थ बुटकेपणा एकाच जनुकावर अवलंबून होता आणि तो पुढे नेणं सोपं होतं. उंच रोपं टाकून दिली, बुटकी पुढे पेरली. नंतरच्या पिढीत २८८ क्रमांकाच्या ओळीतलं तिसरं रोप उजवं ठरलं. टेक्सासहून आलेले हेन्री बीचेल यांनी ही निवड पुढे नेली. त्या एका रोपाची संतती म्हणजे आयआर-८-२८८-३.

१९६६ मध्ये इरीतले भारतीय कृषिविद्यातज्ज्ञ सुरजित कुमार डे दत्ता यांनी त्याला नत्राच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या. हेक्टरी नऊ टनांच्या वर उत्पन्न गेलं. फिलिपिन्सची सरासरी तेव्हा एक-सव्वा टनाच्या आसपास होती. जात १३० दिवसांत तयार व्हायची आणि दिवस लहान-मोठा असण्याचा तिला फरक पडत नसे, म्हणून वर्षात दोन पिकं घेणं जमू लागलं. नोव्हेंबर १९६६ मध्ये तिला अधिकृत नाव मिळालं. जो शेतकरी लॉस बान्योसला येईल त्याला दोन किलो बी फुकट, अशी सोय होती. पायी, सायकलवर, बसने दोन हजारांवर शेतकरी आले.

आयआर-८ खरंच ‘चमत्कारी भात’ होतं का?

उत्पन्नात होतं. ताटात नव्हतं. दाणा पांढुरका आणि खडूसारखा, गिरणीत कणी जास्त, शिजवलेला भात गार झाला की कडक. शेतात कडा करपा, टुंग्रो हे रोग आणि पुढे तपकिरी तुडतुडे ही कीड यांनी ते हैराण झालं. एकाच जातीची लांबच लांब लागवड झाल्यावर किडीला आयतं मैदान मिळालं. त्यावर फवारे वाढले आणि प्रश्न चिघळला, कारण तुडतुडे खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक आधी मरायचे. फवारणीमुळेच तुडतुड्यांचा उद्रेक होतो हे सिद्ध करण्याच्या कामात इरीच्या शेतांतल्या अभ्यासांचा मोठा वाटा आहे. १९८६ मध्ये इंडोनेशियाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली ती याच समजुतीवर.

खत-औषध घ्यायला पैसा लागतो, पाणी लागतं. ज्याच्याकडे दोन्ही होतं तो पुढे गेला, कोरडवाहू शेतकरी आणि कूळ मागे राहिले. ही टीका लॉस बान्योसमध्येच जोरात झाली. १९८० च्या दशकात तिथल्या काही शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांबरोबर ‘मासिपाग’ हे जाळं उभारलं. शेतकऱ्याने स्वतः जाती निवडाव्यात, स्वतः संकर करावेत, बी स्वतःकडे ठेवावं ही त्यांची भूमिका. त्यांचं कार्यालयही याच गावात आहे. इरीच्या हाकेच्या अंतरावर इरीचा सर्वांत ठाम विरोधक राहतो, आणि हे गावाच्या प्रकृतीला शोभणारं आहे.

इरीनेही दिशा बदलली. पंजाबातून आलेले गुरुदेव खुश यांनी रोग-किडींना तोंड देणाऱ्या जातींवर भर दिला. १९७६ ची आयआर-३६ सुमारे ११० दिवसांत येणारी, म्हणजे आपल्या भाषेत हळवी. तिच्यातली ग्रासी स्टंट या विषाणूरोगाची प्रतिकारशक्ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानभातातून आली. हजारो नमुने तपासल्यावर कामाचा निघाला तो हा एक. १९८० च्या दशकात ही जात १ कोटी हेक्टरांच्याही वर पसरली. १९८५ च्या आयआर-६४ ने अखेर चवीचीही तक्रार मिटवली.

तिथे भाताच्या बियाण्यांची बँक आहे, तिचा उपयोग काय?

१ लाख ३० हजारांहून अधिक नमुने तिथे सांभाळले आहेत. बी नीट वाळवून हवाबंद केलं जातं. रोजच्या वाटपासाठीचा साठा थंड खोलीत आणि दीर्घकाळाचा उणे २० अंशांवर. दुसरी प्रत परदेशात, नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या तिजोरीतही ठेवलेली असते.

उपयोग कंबोडियाला विचारा. ख्मेर रूजच्या राजवटीत तिथली माणसं मेली, शेती मोडली, स्थानिक जाती नाहीशा झाल्या. त्याआधी गोळा केलेलं बी लॉस बान्योसमध्ये सुरक्षित होतं, ते नंतर कंबोडियाला परत देता आलं. दुसरं उदाहरण ओडिशाचं. ‘एफआर-१३ए’ ही तिथली जुनी जात पाण्याखाली बुडूनही जगते. तिच्यातलं ‘सब-१’ जनुक ‘स्वर्णा’ या लोकप्रिय जातीत आणून ‘स्वर्णा सब-१’ तयार झाली आणि २००९ मध्ये भारतात प्रसारित झाली. दोन आठवड्यांपर्यंत पूर राहिला तरी हे भात पुन्हा उभारी धरतं. ओडिशातल्या कुठल्यातरी शेतकरी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती जात जपली नसती तर बँकेत ठेवायला काही नसतं.

भारतीयांचा या गावाशी किती संबंध?

खूप जवळचा. एम. एस. स्वामिनाथन १९८२ ते १९८८ इरीचे महासंचालक होते आणि १९८७ मध्ये पहिला जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. १९९६ मध्ये तोच पुरस्कार बीचेल आणि खुश यांना मिळून मिळाला. संत विरमाणी यांनी उष्ण कटिबंधासाठी संकरित भाताचं काम तिथे उभं केलं. आंध्रातले शेतकरी नेक्कंटी सुब्बा राव यांनी १९६७ च्या सुमारास आयआर-८ चं बी वाढवून इतरांपर्यंत पोचवलं. त्यांना लोक ‘मिस्टर आयआर-८’ म्हणत.

महाराष्ट्रातल्या भातात लॉस बान्योसचं काही आहे का?

आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं लावलेली ‘रत्ना’ ही टीकेएम-६ आणि आयआर-८ यांच्या संकरातली. रायगड जिल्ह्यातल्या कर्जतला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. तिथे तयार झालेल्या पहिल्या ‘सह्याद्री’ या संकरित भाताची मादी ओळ आयआर-५८०२५ए, म्हणजे इरीची. एवढंच नव्हे, देशातल्या कितीतरी संकरित जाती याच ओळीवर उभ्या आहेत. कर्जतच्या शास्त्रज्ञांचं श्रेय याने कमी होत नाही. कोकणच्या पावसात टिकणारी जोडी शोधण्याचं काम त्यांनीच केलं.

भाताखेरीज तिथे काय झालं?

पुष्कळ. ‘माकापुनो’ हा नारळाचा एक प्रकार आहे. आत पाण्याऐवजी मऊ, जेलीसारखा गर असतो आणि त्याला भाव चांगला मिळतो. पण असा नारळ रुजत नाही, कारण गर कोंबाला पोसू शकत नाही. कॉलेजमधल्या एमेरिटा दे गुझमान यांनी त्यातला इवलासा कोंब बाहेर काढून काचेच्या बाटलीत पोषकद्रव्यावर वाढवण्याची रीत बसवली. तेव्हापासून माकापुनोची हमखास रोपं मिळू लागली.

आंब्याचं तर आपल्याला जास्तच कौतुक. फिलिपिन्सचा ‘काराबाओ’ आंबाही एक वर्ष धरतो, एक वर्ष चुकवतो. रामोन बार्बा यांनी पोटॅशियम नायट्रेटची साधी फवारणी करून हंगामाबाहेरही मोहोर आणून दाखवला. स्वस्त खत, पाण्यात मिसळून फवारायचं, बस्स. त्यांनी पेटंट घेतलं ते दुसऱ्या कोणी ते अडवून बसू नये म्हणून. शेतकऱ्यांकडून पैसे घेतले नाहीत. हापूसला मोहोर यावा म्हणून आपण कल्टारवर किती खर्च करतो ते आठवलं की या माणसाविषयी आदर वाटतो.

गोल्डन राइस आणि बीटी वांग्याचा वाद याच गावातला का?

दोन्हींच्या मुळाशी इथल्याच संस्था आहेत. गोल्डन राइस म्हणजे दाण्यात बीटा-कॅरोटीन तयार करणारं भात. इरी आणि फिलिपिन्सची राष्ट्रीय भात संस्था यांनी ते तिथल्या जातींत आणलं आणि जुलै २०२१ मध्ये लागवडीला मंजुरी मिळाली. बीटी वांगं, म्हणजे जीवाणूचं जनुक घालून किडीला तोंड देणारं केलेलं वांगं, लॉस बान्योसच्या विद्यापीठाने पुढे नेलं. त्यातला ‘ईई-१’ हा जनुकीय बदल मूळचा आपल्या जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीचा. भारतात त्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली. फिलिपिन्समध्ये चाचण्यांची शेतं उपटली गेली, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मनाई केली, २०१६ मध्ये ती मागे घेतली आणि २०२२ मध्ये लागवडीला परवानगी मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये अपील न्यायालयाने दोन्ही पिकांच्या परवानग्या रद्द केल्या. खटला दाखल करणाऱ्यांत ग्रीनपीसबरोबर मासिपागही होतं.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंना गंभीर माणसं आहेत. ‘शेतकऱ्याचं भलं’ हाच शब्दप्रयोग दोघांच्या तोंडी असतो, आणि तो ढोंगाने येत नाही.

लॉस बान्योस शहर आहे की गाव?

कायद्याने नगरपालिकाच. ऑगस्ट २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांनी ‘विशेष विज्ञान आणि निसर्ग शहर’ अशी घोषणा केली, पण ती मानाची उपाधी आहे. १९७२ मध्ये कॉलेजचं रूपांतर विद्यापीठाच्या पहिल्या स्वायत्त परिसरात झालं. विद्यार्थी त्याला लाडाने ‘एल्बी’ म्हणतात. शेती-उच्चशिक्षणाचं आग्नेय आशियाई केंद्र ‘सिअर्का’ १९६६ पासून इथे आहे, राष्ट्रीय कृषी संशोधन परिषद आहे, वनोपज संशोधन संस्था आहे.

मग गावात आता शेती उरली आहे का?

आहे, पण जुन्या प्रमाणात नाही. विद्यापीठाच्या दाराशी असलेल्या बातोंग मालाके भागात वसतिगृहं, खाणावळी आणि जीपन्यांची (जीपसारख्या प्रवासी गाड्यांची) गर्दी आहे. मनिलाची वस्ती सरोवराच्या कडेकडेने सरकत येते आहे आणि जमिनीचे भाव शेतीला परवडणारे राहिलेले नाहीत. हिरवी खाचरं सलग दिसतात ती मुख्यतः इरीच्या साधारण २५० हेक्टरांच्या प्रक्षेत्रावर. त्यातल्या एका तुकड्यावर १९६० च्या दशकापासून वर्षाला तीन-तीन पिकं सतत घेतली जात आहेत, जमीन किती काळ साथ देते हे पाहण्यासाठी. प्रश्न आपल्याकडेही तोच आहे.

बघायला जायचं तर काय पाहावं?

मनिलाहून सांता क्रूझकडे जाणाऱ्या बसने उतरता येतं, पुढे जीपनी. विद्यापीठाचं आवार आणि बेकर हॉल पायी पाहा. माकिलिंगच्या उतारावरच्या वनस्पती उद्यानात अर्धा दिवस सहज जातो. शिखराची वाट धरायची असेल तर आधी नोंदणी करा आणि जळवांची तयारी ठेवा. इरीला भेट देण्यासाठी आगाऊ विचारून घ्यावं लागतं. परतताना रस्त्याकडेच्या दुकानांत शहाळ्याच्या कोवळ्या मलईचा ‘बुको पाय’ मिळतो. तो गरम असतानाच खा.